स्केटवाल्यांचे कपडे : लगुना बीच ते लाफायेट स्ट्रीट, आणि ते जपणारे लोक

गल्लीबोळ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

मध्यंतरी दुसऱ्या एका धाग्यावर प्रश्न आला होता. लाल पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत 'सुप्रीम' हा एकच शब्द छापलेला साधा सुती टीशर्ट, आणि त्याला लोक तीस-चाळीस हजार रुपये का मोजतात? उत्तरं आली ती बहुतेक 'पैशाचा माज' आणि 'जाहिरातबाजी' याच वळणाची. मला ती पटली नाहीत. विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून वेगळा धागा काढून ऐसपैस लिहितो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे कपडे सुरुवातीला थोडेच निघाले, कारण माल अंगावर पडेल अशी भीती होती. टंचाईचा धंदा झाला तो नंतर. जपण्यासारखं जे काही आहे ते त्या भीतीच्या काळातलं आहे: ठरावीक दुकान, तिथे पडीक असणारी ठरावीक पोरं, ठरावीक चार-पाच वर्षं. जुना टीशर्ट हातात घेऊन ज्याला हे सांगता येतं, त्याला मी संग्राहक म्हणतो. नुसता भाव सांगणारा माझ्या लेखी दलाल.

सुरुवात बुटांपासून करू. १६ मार्च १९६६ रोजी पॉल व्हॅन डोरेनने कॅलिफोर्नियात अनाहाइमला दुकान उघडलं. पुढे दुकान, मागे कारखाना. गिऱ्हाइकाने सकाळी नमुना निवडायचा आणि संध्याकाळी जोड घेऊन जायचा. हेच 'व्हॅन्स'. स्केटवाल्या, म्हणजे चाकं लावलेली फळी चालवणाऱ्या पोरांना त्यांचा जाड रबरी तळ आवडला, कारण तो फळीला धरून राहायचा. शिवाय पाय घासत थांबायची सवय असल्याने या पोरांचा एकाच पायाचा बूट आधी झिजे, आणि इथे एकच बूटसुद्धा विकत मिळे. १९७६ मध्ये टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा या दोन स्केटवाल्यांच्या सूचनांवरून घोट्याशी गादी असलेला 'इरा' निघाला, आणि पुढच्या वर्षी बाजूला नागमोडी पट्टी असलेला 'ओल्ड स्कूल'. कंपनीने बसून पोरांसाठी काही 'डिझाइन' केलं असं झालं नाही. पोरं बूट फाडत गेली आणि कंपनी तिथे तिथे ठिगळ लावत गेली.

दुसरा धागा कॅलिफोर्नियातल्याच लगुना बीचचा. शॉन स्ट्यूसी लाटांवर चालवायच्या फळ्या घडवायचा आणि तयार फळीवर जाड मार्करने सही करायचा. त्याचे काका जॅन स्ट्यूसी चित्रकार होते, आणि सहीचं ते फर्राटेदार वळण त्यांच्या सहीवरून आलं असं सांगतात. ८०च्या दशकाच्या सुरुवातीला एका व्यापारी प्रदर्शनात त्याने फळ्यांबरोबर त्याच सहीचे टीशर्ट मांडले. लोकांनी फळ्या पाहिल्या आणि टीशर्ट नेले. १९८४ मध्ये फ्रँक सिनात्रा नावाचा भागीदार आला (त्या गायकाशी काही संबंध नाही) आणि रीतसर कंपनी झाली. पुढे शॉनने न्यूयॉर्क, लंडन, टोकियोतल्या आपल्या मित्रांना पाठीवर 'इंटरनॅशनल स्ट्यूसी ट्राइब' लिहिलेली जाकिटं वाटली. ती दुकानात विकायला नव्हती. या सगळ्या जगात माणसांच्या ओळखीवरच कपडा मिळण्याची रीत मला तिथून सुरू झालेली दिसते.

याच काळात स्केटिंगची मोठी लाट आली. 'व्हिजन स्ट्रीट वेअर'सारखे ब्रँड मॉलमॉलमध्ये पोचले आणि कधी फळीवर पाय न ठेवलेली मुलंही ते कपडे घालू लागली. १९९० च्या आसपास ती लाट ओसरली. मोठ्या कंपन्यांचा माल गोदामांत पडून राहिला. त्या पडझडीनंतर जे कोणी या धंद्यात उतरले त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं होतं. दोनशे काढायच्या ऐवजी पन्नास काढा, हा धडा तिथला.

आता न्यूयॉर्क. जेम्स जेबिया वाढला इंग्लंडमध्ये, ससेक्समधल्या क्रॉलीत. १९८३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी तो न्यूयॉर्कला आला. सोहोत 'पॅराशूट' नावाच्या कपड्यांच्या दुकानात नोकरी केली, १९८९ मध्ये स्प्रिंग स्ट्रीटवर 'युनियन' हे दुकान काढलं, १९९१ मध्ये शॉन स्ट्यूसीबरोबर त्याचं न्यूयॉर्कचं दुकान उभं केलं. शॉन त्या व्यवसायातून बाहेर पडायच्या गोष्टी बोलू लागला तेव्हा जेबियाने स्वतःचं काही काढायचं ठरवलं. जवळ साधारण बारा हजार डॉलर. एप्रिल १९९४ मध्ये २७४, लाफायेट स्ट्रीट या पत्त्यावर 'सुप्रीम' उघडलं.

त्या दुकानाची मांडणी समजून घेण्यासारखी आहे. सगळे कपडे भिंतीलगत कडेकडेने टांगलेले आणि मधली जमीन पूर्ण मोकळी. पाठीवर सॅक लटकवलेला पोरगा फळीवरूनच आत यावा, म्हणून. दाराशी मोठ्या आवाजात गाणी आणि स्केटिंगचे व्हिडिओ. गल्ल्यावर बसलेली मुलं स्वतः स्केटवाली. ती गिऱ्हाइकाशी गोड बोलत नसत, कपड्याची घडी विस्कटली तर तोंडावर सुनावत. त्याच परिसरातल्या मुलांना घेऊन लॅरी क्लार्कने 'किड्स' हा चित्रपट केला, तो १९९५ मध्ये आला. त्यातले जस्टिन पीअर्स आणि हॅरल्ड हंटर खरोखरचे स्केटवाले होते, या दुकानाच्या गोतावळ्यातले. दोघंही आज नाहीत. पहिल्या वर्षातला सुप्रीमचा कपडा पाहिला की मला आधी ही दोन नावं आठवतात.

माल थोडा काढायचा, कारण कुणाला नको असलेला माल घेऊन बसायचं नव्हतं, हे जेबियाने स्वतः सांगितलेलं आहे. स्वेटशर्ट मात्र जाडजूड, शिवण पक्की. दिवसभर सिमेंटवर आपटणाऱ्या मुलाच्या अंगावर टिकला पाहिजे ना! थोडा माल आणि चांगला माल, या दोन गोष्टी एकत्र आल्या. पुढची रांग, दर गुरुवारी नवा माल काढायचा 'ड्रॉप', दुप्पट-चौपट भावाने विकणारे, हे सगळं त्यावर नंतर चढलं.

जपान, डेक (म्हणजे स्केटची लाकडी फळी) आणि नायकीबद्दल इथल्या जाणकारांनी लिहावं.

मीनल_अ

वा, काय सुंदर लिहिलंय! वाचनखूण साठवली. माझा भाचा 'थ्रॅशर' लिहिलेला, अक्षरांना ज्वाळा लागलेला हुडी दिवसरात्र घालतो. त्याला विचारलं तर 'ब्रँड आहे गं मावशी' एवढंच म्हणतो. तोही याच कुळातला का?

धुक्यातलं_गाव

मीनलताई, हो, पण तो मुळात कपड्यांचा ब्रँड नाही. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो, तर हे माझ्या अंगणातलं. 'थ्रॅशर' हे मासिक आहे. जानेवारी १९८१ मध्ये पहिला अंक निघाला. काढणारे फॉस्टो व्हिटेलो आणि एरिक स्वेन्सन. हे दोघं 'इंडिपेंडंट' नावाचे ट्रक बनवायचे. ट्रक म्हणजे फळीखालचा, चाकं जोडायचा धातूचा सांगाडा. मासिक काढलं ते मुख्यतः आपले ट्रक खपावेत म्हणून. पण अंक असे निघाले की ट्रक राहिले बाजूला आणि मासिकच त्या मुलांचं घर झालं. टीशर्ट हे त्याचं उपउत्पादन. वर्गणीदार मुलं घालायची.

१९९३ पासून २०१९ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, जेक फेल्प्स त्याचा संपादक होता. २०१६ च्या सुमारास पॉपस्टार मंडळी हे टीशर्ट घालू लागली, तेव्हा त्याने जाहीर मुलाखतीत कडक शब्दांत नापसंती दाखवली. मला त्याचा राग समजतो. पंचवीस वर्षं ज्याने गुडघे फोडलेल्या मुलांचे फोटो छापले, त्याला त्याच अक्षरांची फॅशन झालेली कशी रुचेल? भाच्याला रागावू नका मात्र. त्याला एखादा जुना अंक वाचायला द्या.

आणि इथे आलात तर एम्बार्काडेरोचा चौक दाखवीन. तेव्हा तिथे विटांची फरसबंदी, पायऱ्या, मागे कारंजं असं होतं. ९०च्या सुरुवातीला माइक कॅरल, हेन्री सांचेझ, जेम्स केल्च ही मुलं तिथे रोज असायची. ढगळ पँट, इवलीशी चाकं. त्या चौकात महिन्याभरात जे घातलं जाई ते सहा महिन्यांनी अमेरिकाभर दिसे.

रंगारी

माझा छपाईचा धंदा आहे, त्यामुळे मी कपडा उलटा करून आधी शिवण बघतो. जुना अमेरिकन टीशर्ट कसा ओळखायचा ते सांगतो. या धाग्यावर ते असायला हवं.

बाहीची आणि खालची दुमड पाहा. वरच्या बाजूने एकच टाक्यांची रेघ दिसली तर त्याला 'सिंगल स्टिच' म्हणतात. ९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत ही पद्धत सर्रास होती. नंतर दोन सुयांची मशीन सगळीकडे आली आणि दोन समांतर रेघा दिसू लागल्या. दुसरं, अंगाच्या बाजूला शिवण आहे का? बऱ्याच जुन्या टीशर्टांचं कापड गोल नळीसारखं विणलेलं असायचं, त्यामुळे बाजूला जोडच नसे. तिसरी गोष्ट छपाई. त्या काळची बहुतेक छपाई प्लास्टिसॉलची. ही शाई हवेने वाळत नाही, साधारण १६० अंश सेल्सिअसला भाजावी लागते. नीट भाजली असेल तर पंचवीस-तीस वर्षांनी तिच्यावर बारीक जाळं पडतं, पण ती कापडाला धरून असते. आजकाल मुद्दाम जुनी दाखवायला जी छपाई करतात तिच्यातल्या भेगा सगळीकडे सारख्या असतात. खऱ्या कपड्यावर त्या छातीवर जिथे कापड ताणलं जातं तिथे जास्त आणि कडेला कमी असतात. बोट फिरवलं तरी कळतं.

एक इशारा. सिंगल स्टिच दिसली म्हणजे जुना, असं समजू नका. आता नकली मालही त्याच शिवणीने निघतो. शिवण, लेबल, छपाई आणि गळपट्टीचा ढिलेपणा, चारही एकाच वयाचे वाटले पाहिजेत.

मीनल_अ

धुक्यातलं गाव, रंगारी, दोघांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी भाच्याचा हुडी उलटा करून बघते.

पेठकर

धागाकर्त्यांनी कळकळीने लिहिलंय, आदर आहे. पण एक गोष्ट सांगितली नाही. सुप्रीमची ती लाल पट्टी, पांढरी तिरकी अक्षरं, हे बार्बरा क्रुगर या चित्रकर्तीचं आहे. ८०च्या दशकापासून ती काळ्यापांढऱ्या छायाचित्रांवर लाल पट्टीत, फ्युचुरा टाइपात वाक्यं लिहायची, आणि तीही खरेदीच्या हव्यासावर टीका करणारी. ते उचललं, विकलं, कोट्यवधी कमावले. मी उपयोजित कला शिकलो आहे, मला याचा त्रास होतो. याला वारसा कसा म्हणायचं?

गल्लीबोळ

पेठकर, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो या धाग्यावर यायलाच हवा होता. लोगो क्रुगरच्या कामावरून घेतला हे सुप्रीमवाल्यांनी नाकारलेलं नाही. टाइपही फ्युचुराच, तिरका.

या सगळ्या संस्कृतीतच उचलेगिरी आहे. १९९४ मध्ये सुप्रीमची मुलं रस्त्यावर लागलेल्या कॅल्विन क्लाइनच्या जाहिरातींवर, मॉडेल केट मॉसच्या फोटोवर, आपले लाल स्टिकर डकवत फिरली. २००० मध्ये लुई व्हिताँच्या नक्षीसारखी नक्षी स्केटच्या डेकवर छापली, कंपनीची कायदेशीर नोटीस आली आणि माल मागे घ्यावा लागला. ज्याच्या खिशात काही नाही असा पोरगा बड्यांची चिन्हं उचलतो, हे मी समजू शकतो. त्यात एक उर्मट जिवंतपणा आहे.

पण २०१३ मध्ये याच कंपनीने, आपल्या लोगोची नक्कल करून टीशर्ट काढणाऱ्या 'मॅरिड टू द मॉब' या छोट्या ब्रँडवर दावा गुदरला, तेव्हा ती त्या पोराची बाजू सोडून बड्यांच्या बाजूला जाऊन बसली. ते मला आजही पटत नाही. क्रुगरने तेव्हा या सगळ्या मंडळींचा अतिशय तिखट शब्दांत समाचार घेतला होता. नंतर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या 'परफॉर्मा' महोत्सवात तिने स्वतःचंच स्केटचं दुकान मांडलं, तिच्या अक्षरांतले टीशर्ट आणि डेक विकले, लोकांना बाहेर रांगेत उभं केलं. लोअर ईस्ट साइडच्या कोलमन स्केटपार्कवरही तिची वाक्यं झळकली. माझ्या मते त्या लोगोच्या इतिहासातलं सर्वांत चांगलं पान तिने लिहिलं. संग्राहकांनी तेही जपावं. २००० मधले ते मागे घेतलेले डेक लोक शोधत फिरतात, तसे तिचेही शोधावेत.

तोक्योकर

जपानचं मी लिहितो. इथे नोकरीला आहे आणि सुट्टीच्या दिवशी टोकियोतल्या हाराजुकूच्या मागच्या गल्ल्या पालथ्या घालणं हा माझा छंद आहे.

हिरोशी फुजिवारा हा स्ट्यूसीच्या त्या 'ट्राइब'मधला टोकियोचा माणूस. लंडन-न्यूयॉर्कला जाऊन तिकडची गाणी, कपडे, फळ्या घेऊन यायचा आणि मासिकातल्या सदरात त्याबद्दल लिहायचा. १९९० मध्ये त्याने 'गुडइनफ' काढला. त्याच्या हाताखाली वाढलेले दोघे, निगो आणि जुन ताकाहाशी, यांनी १ एप्रिल १९९३ रोजी 'नोव्हेअर' नावाचं दुकान थाटलं. अर्ध्या दुकानात जुनचा 'अंडरकव्हर', अर्ध्यात निगोचा माल, त्यातून 'अ बेदिंग एप' म्हणजे 'बेप' झाला. सुरुवातीला आठवड्याला काही डझन टीशर्ट छापायचे, त्यातले निम्मे मित्रांना फुकट द्यायचे. वादक, स्केटवाले, मासिकांचे लोक. उरलेले विकायचे. म्हणजे तुम्ही रस्त्यात एखाद्या गायकाच्या अंगावर पाहिलं आणि दुकानात गेलात, तर संपलेलं. गल्लीबोळ म्हणतात तसं न्यूयॉर्कला भीतीपोटी माल कमी निघाला असेल, पण निगोच्या बाबतीत कमी माल हा पहिल्यापासून विचार होता असं मला वाटतं. इथे माझं त्यांच्याशी जुळत नाही.

जमवण्याची शिस्त मात्र जपान्यांनी जगाला दिली, हे नक्की. 'बून'सारखी मासिकं जुन्या जीन्स, जुने बूट यांचे पानंच्या पानं फोटो छापायची: कुठल्या वर्षीचं लेबल कसं होतं, टाके कसे होते, भाव काय. तीच नजर त्यांनी स्केटच्या कपड्यांकडे वळवली. लाफायेट स्ट्रीटवरून गठ्ठ्याने माल उचलून टोकियोत विकणारे जपानी व्यापारी सुरुवातीपासून होते. सुप्रीमने न्यूयॉर्कबाहेर पहिली दुकानं काढली ती जपानमध्येच, १९९८ मध्ये: दाइकान्यामा, ओसाका, फुकुओका. लॉस एंजेलिसच्या सहा वर्षं आधी!

इथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात टीशर्ट पारदर्शक पिशवीत असतो. सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी: साल, देश, छातीचं माप, डाग कुठे आहे. डाग लपवत नाहीत. मला ती चिठ्ठी वाचायला फार आवडते. कधीकधी कपडा न घेता मी नुसत्या चिठ्ठ्या वाचून परत येतो.

गल्लीबोळ

तोक्योकर, निगोबद्दलचा मुद्दा मान्य. न्यूयॉर्क आणि टोकियोची कारणं वेगळी होती, आणि दोन्ही एकमेकांत मिसळली ती याच १९९३ ते १९९८ च्या काळात. तुमच्या त्या चिठ्ठ्यांचे फोटो टाका ना, प्लीज.

सात_थर

मी कपडे जमवत नाही, डेक जमवतो. सात थरांचं मेपल, म्हणून हे नाव घेतलंय. कपड्यांच्या आधी 'थोडा माल, लवकर बदल' ही रीत डेकवर आली, तर तेवढं लिहितो.

८०च्या दशकात 'पॉवेल पेराल्टा'साठी व्ही. सी. जॉन्सन कवट्या, सापळे, ड्रॅगन काढायचा. 'सांताक्रूझ'साठी जिम फिलिप्स. निळा किंचाळणारा हात तुम्ही पाहिला असेलच, तो त्याचा, १९८५ मधला. ही चित्रं वर्षानुवर्षं त्याच डेकवर राहायची. टोनी हॉक या स्केटवाल्याचा डेक म्हणजे तीच ती ससाण्याची कवटी. मुलं त्या चित्रावरून माणूस ओळखायची.

मग स्टीव्ह रॉको आला. १९८७ मध्ये त्याने 'वर्ल्ड इंडस्ट्रीज' काढली. हातात पैसा नाही, अंगावर कर्ज. त्याने आणि चित्रकार मार्क मॅकीने चित्रं भराभर बदलायला सुरुवात केली. थोडे डेक छापायचे, संपले की दुसरं चित्र. मोठ्या कंपन्यांच्या चिन्हांची टर उडवायची, वकिलाची नोटीस येईपर्यंत माल विकून मोकळं व्हायचं. ९०च्या सुरुवातीचे हे डेक फार थोडे उरलेत, कारण मुलांनी ते वापरले. वापरायलाच घेतले होते. डेक दोन महिन्यांत मोडतो.

त्यामुळे संग्राहकांत दोन तट आहेत. एका तटाला प्लास्टिकच्या वेष्टनातला, ट्रकची भोकंही न वापरलेला डेक हवा. दुसऱ्याला घासलेला. मी दुसऱ्या तटातला. माझ्या भिंतीवर एक डेक आहे. त्याच्या पोटावरचं चित्र मधोमध आडवं खरवडून गेलंय, लोखंडी कठड्यावरून घसरत गेल्याने. डाव्या टोकाची धार झिजून थर मोकळे झालेत, तिथे कुणीतरी बोटाने गोंद भरलाय. गोंदाचा ठसा अजून दिसतो. त्या मुलाला नवा डेक परवडत नव्हता, एवढं मला त्यावरून कळतं. कोऱ्या डेकवरून काय कळणार?

नव्यांसाठी एक खूण. जुने डेक स्क्रीनने, हाताने छापलेले. वाकलेल्या लाकडावर रंगागणिक वेगळी स्क्रीन. २००० च्या आसपासपासून बहुतेकांनी उष्णतेने चिकटवायची फिल्म वापरायला सुरुवात केली. तिरक्या उजेडात धरा. स्क्रीनचा रंग उंचवटा धरून असतो, एकावर एक चढलेली रंगाची कड बोटाला लागते. फिल्म सपाट असते आणि घासली की पापुद्रा निघतो.

सुप्रीमच्या डेकबद्दलही सांगतो, नाहीतर गल्लीबोळ रागावतील. जेफ कून्स २००६, ताकाशी मुराकामी २००७, डेमियन हर्स्ट २००९, अशा नामांकित चित्रकारांना त्यांनी डेक दिले. १९९८ ते २०१८ या काळातले सगळे, २४८ डेक, एकाने जमवले होते. जानेवारी २०१९ मध्ये सॉदबीज या लिलाव कंपनीने तो संच आठ लाख डॉलरला विकला. तेव्हाच्या दराने साडेपाच कोटींहून जास्त. मला आनंद झाला तो संच फुटला नाही याचा.

पेठकर

सात_थर, तुमच्या त्या गोंदाच्या ठशाने माझा बराचसा राग उतरवला. फोटो नक्की टाका. गल्लीबोळ, उत्तर आवडलं, कोलमन पार्कचं मला माहीत नव्हतं.

जोड_नंबर_नऊ

बुटांचं राहिलंच की! थोडक्यात लिहितो. नायकीला ९०च्या दशकात स्केटवाल्यांनी दारात उभं केलं नव्हतं. २००२ मध्ये सँडी बोडेकरने 'नायकी एसबी' सुरू केलं तेव्हा त्याने दोन गोष्टी बरोबर केल्या. एक, जुन्या बास्केटबॉलच्या 'डंक' बुटाची जीभ जाड केली, आत गादी घातली. दोन, माल फक्त स्केटच्या छोट्या दुकानांना दिला. मोठ्या साखळी दुकानांना नाही. त्याच वर्षी सुप्रीमबरोबर डंक निघाला, नायकीच्याच 'जॉर्डन ३' बुटावरची हत्तीच्या कातडीसारखी नक्षी घेऊन. ती नक्षी नायकीच्या टिंकर हॅटफिल्ड या डिझायनरची, १९८८ मधली.

आणि २२ फेब्रुवारी २००५. डिझायनर जेफ स्टेपलचा 'पिजन' डंक, करडा रंग, टाचेवर कबूतर. एकूण १५० जोड. लोअर ईस्ट साइडच्या 'रीड स्पेस' दुकानाबाहेर पोरं थंडीत दिवसेंदिवस बसली, हाणामारीची वेळ आली, पोलीस आले, दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क पोस्ट'च्या पहिल्या पानावर बातमी. बूट जमवणं हा प्रकार सर्वसामान्य अमेरिकन माणसाला त्या दिवशी कळला. पुनर्विक्रीचा बाजारही तिथून फुगला. मला त्या बातमीनंतरच्या काळापेक्षा २००२-२००४ चा काळ जास्त प्रिय आहे. दुकानदार ओळखीचा असेल तर तो तुमच्यासाठी एक जोड बाजूला काढून ठेवायचा.

अनुज_न

नकली मालाबद्दल कुणीच बोललं नाही. आपल्याकडे पुण्यामुंबईत पथारीवर सुप्रीम आणि थ्रॅशरचे टीशर्ट दोन-तीनशे रुपयांत ढिगाने मिळतात. घेणाऱ्यालाही ते नकली असल्याचं माहीत असतं. त्याचं मला काही वाटत नाही. मला राग आहे तो 'कायदेशीर नकली'चा.

इटलीत एका कंपनीने सुप्रीमच्या आधी त्याच नावाची नोंदणी करून टाकली. मग त्याच नावाची दुकानं स्पेनमध्ये, चीनमध्ये. डिसेंबर २०१८ मध्ये सॅमसंगने चीनमध्ये सुप्रीमबरोबर करार जाहीर केला, तर तो निघाला या इटालियन सुप्रीमबरोबरचा! खूप बोंब झाली, फेब्रुवारी २०१९ मध्ये सॅमसंगने करार सोडला. २०२१ मध्ये लंडनच्या न्यायालयाने त्या कंपनीमागच्या बापलेकांना तुरुंगवास ठोठावला. बनावट टीशर्ट विकणारा पथारीवाला पोटासाठी विकतो. यांनी तर सगळा इतिहासच आपल्या नावावर करून घ्यायचा घाट घातला होता.

गल्लीबोळ

अनुज, अगदी बरोबर. आणि खऱ्या सुप्रीमचंही मालकीहक्काचं चक्र त्याच सुमारास फिरत होतं. २०१७ मध्ये त्याच लुई व्हिताँबरोबर संयुक्त माल निघाला, ज्यांनी सतरा वर्षांपूर्वी नोटीस पाठवली होती. त्याच वर्षी कार्लाइल या गुंतवणूक कंपनीने निम्म्याच्या आसपास हिस्सा घेतला. २०२० मध्ये व्हीएफ कॉर्पोरेशनने २.१ अब्ज डॉलरला सगळं घेतलं (व्हॅन्सही त्यांचंच), आणि २०२४ मध्ये चष्म्याच्या एसिलोरलुक्सोटिकाला १.५ अब्जांना विकलं. चार वर्षांत साठ कोटी डॉलर उतरले. मला यात आश्चर्य वाटत नाही. हवा तेवढा माल काढता येतो तेव्हा गुरुवारची रांग पातळ होणारच. ९४ ते ९८ च्या कपड्यांना मात्र मागणी तशीच टिकून आहे.

सोनचाफा

सगळे प्रतिसाद वाचले. फार छान माहिती. आता माझी खरी अडचण. माझे दीर ९०च्या दशकात शिकायला अमेरिकेत होते. गेल्या महिन्यात घर आवरताना माळ्यावर त्यांची जुनी बॅग सापडली. त्यात स्ट्यूसीचे दोन टीशर्ट, एक थ्रॅशरचा, आणि बास्केटबॉलसारखे उंच बूट. टीशर्टांना कुबट वास येतोय. बुटांचा तळ हात लावला की भुगा होतोय. दीर म्हणतात टाकून दे. टाकू का? आणि ते खरे जुने आहेत हे कसं कळेल?

गल्लीबोळ

सोनचाफाताई, कृपा करून काहीही टाकू नका!

आधी लेबलं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या कपड्यावर बनवलेल्या देशाचं नाव आणि बहुधा 'आरएन' असा नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक कंपनीचा, सालाचा नाही, त्यामुळे त्यावरून वय काढू नका. धुण्याच्या सूचना पाहा. जुलै १९९७ पासून तिथे शब्दांऐवजी फक्त चिन्हं छापायला परवानगी मिळाली. तेव्हा नुसती चिन्हं असतील तर कपडा त्यानंतरचा धरा. शब्दांत सूचना असतील तर तो आधीचा असू शकतो, पण तेवढ्यावर थांबू नका. पुढे रंगारींनी सांगितलेली शिवण आणि छपाई.

कुबट वासासाठी: पावसाळा संपल्यावर कोरड्या दिवशी सावलीत, वाऱ्यावर, आडवे पसरून ठेवा. उन्हात नको, काळा रंग तांबूस पडतो. मग उलटे करून गार पाण्यात हलक्या साबणाने हाताने धुवा. मशीनचा ड्रायर नको. इस्त्री छापावर कधीही फिरवू नका, प्लास्टिसॉल वितळून इस्त्रीला चिकटतं. हँगरला लावून ठेवू नका, खांदे उतरतात. घडी घालताना छाप छापावर येऊ देऊ नका, मध्ये साधा पांढरा कागद घाला. बंद प्लास्टिकच्या पिशवीत आपल्या हवेत दमटपणा कोंडतो. जुन्या सुती पिशवीत किंवा उशीच्या अभ्र्यात ठेवा.

बुटांचं दुखणं वेगळं आहे. तो भुगा पॉलियुरेथेनच्या फेसाचा. हवेतल्या बाष्पाने हा फेस आतून तुटत जातो. कोकणात-मुंबईत तर लवकरच. बूट न वापरता बंद ठेवले तरी हे होतं. तो तळ परत जुळणार नाही, पण वरचं चामडं चांगलं असेल तर दुसरा तळ बसवून देणारे कारागीर असतात. भुगा हाताने काढत बसू नका, बूट आहेत तसे कागदात गुंडाळून ठेवा.

आणि एक काम आजच करा. दीरांना विचारा की ते कुठल्या गावी होते, टीशर्ट कुठल्या दुकानातून घेतले, साधारण कुठल्या साली, सोबत कोण होतं. ते सांगतील तसं त्यांच्याच शब्दांत लिहून कपड्याबरोबर ठेवा. तेव्हाचा एखादा फोटो सापडला तर उत्तमच.

मग इथे फोटो टाका: गळ्याच्या लेबलच्या दोन्ही बाजू, बाहीची दुमड आतून-बाहेरून, छाप जवळून, आणि बुटाच्या जिभेच्या आतलं लेबल. रंगारी आणि जोड_नंबर_नऊ, तुम्ही दोघांनी पाहून सांगा.

रंगारी

हो, नक्की. फोटो दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश नको. फ्लॅशमध्ये छपाईवरचं जाळं दिसत नाही.

जोड_नंबर_नऊ

जिभेच्या आतल्या लेबलवर बारीक अक्षरांत तारखांचे आकडे असतात, तेवढे वाचता येतील असा एक फोटो हवा. दीरांना सांगा, बॅग परत माळ्यावर टाकू नका.